मागच्या गेटचे साहेब

माझ्या हातच्या पुरणपोळीला ‘गरम आहे’ एवढंच म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तेही इंग्रजीतून. “हॉट,” असं म्हणून त्यांनी दुसरी पोळी वाढून घेतली, तिच्यावर तुपाची वाटी उपडी केली, ती संपवली, तिसरीसाठी ताट पुढे केलं आणि माझ्याकडे बघून पुन्हा गंभीरपणे “हॉट” म्हणाले. मी नाशिकची. आमच्याकडे पाहुण्यानं पोळीला नावं ठेवलेली एक वेळ चालतात. पण सकाळपासून पुरण वाटून, कौतुकाचा एक शब्द ऐकायला ओढणीला हात पुसत उभ्या असलेल्या बाईला तापमान सांगायचं म्हणजे काय? त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना जे काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साहेब आमचे कॅम्प बॉस होते. मी कतारमध्ये एका चिनी बांधकाम कंपनीत सेफ्टी इंजिनियर आहे. राहते दोह्यात, बिन महमूदमध्ये. नवरा गॅस कंपनीत, त्याची कंपनीची बस सकाळी उत्तरेला निघते आणि माझी गाडी दक्षिणेला, बिरकत अल अवामेरच्या आमच्या लेबर कॅम्पकडे. कॅम्प बॉस हा हुद्दा ऐकायला भारदस्त वाटतो. काम म्हणजे मेसमधला भात कच्चा का राहिला, संडासाचं दार कोणी मोडलं, गाद्यांत ढेकूण कुठून आले आणि एका खोलीनं दुसऱ्या खोलीच्या बादल्या का लपवल्या, या प्रश्नांची रोजच्या रोज उत्तरं शोधायची. बहुतेक कॅम्प बॉस ही उत्तरं एसीत बसून, फोनवर ओरडून शोधतात. साहेब साठी ओलांडलेले होते आणि त्यांना खुर्चीत बसलेलं मी फार क्वचित पाहिलं.

अंगात गडद निळं जाकीट, आत पांढरा शर्ट, आणि हे कतारच्या जूनमध्येसुद्धा. दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचे. त्या हातांत झाकणाची काचेची बाटली असायची, तिच्या तळाला चहाची पानं फुगून बसलेली. केस पांढरेशुभ्र. या केसांत काही विशेष आहे हे मला लिननं सांगितलं. लिन ही आमच्या ऑफिसची दुभाषी, पंचविशीची मुलगी. तिचं इंग्रजी चांगलं आणि तोंड त्याहून चांगलं. ती म्हणाली, “आमच्याकडे मोठे अधिकारी म्हातारे होईपर्यंत केस काळेभोर ठेवतात. एखाद्याचे एकदम पांढरे दिसले की लोक समजतात, याचं पद गेलं.”

“मग यांचं कुठलं पद गेलं?” मी विचारलं. बाकीचे चिनी साहेबांना एका ठरावीक शब्दानं हाक मारायचे आणि मारताना जरा ताठ व्हायचे, ते मी बघत होते.

“खातेप्रमुख. प्रांताच्या पाणीपुरवठ्याचे,” लिन म्हणाली. “पद गेलं तरी हाक बदलत नाही. तसं करणं वाईट दिसतं.”

हे मला पटलं. माझ्या मामांच्या गावात एकदा सरपंच झालेला माणूस मरेपर्यंत सरपंचच राहतो, अगदी तेराव्याच्या पत्रिकेतसुद्धा. फक्त एका आख्ख्या प्रांताला पाणी पाजणारा माणूस बिरकत अल अवामेरला येऊन आमच्या बादल्यांची भांडणं का सोडवतोय, हे काही मला उलगडेना. आणि विचारायचं कसं, हाही प्रश्न होता.

त्यांच्या लकबींवरून मात्र जुना अंमलदार लपत नसे. कुठलीही गोष्ट सांगायची झाली की आधी उजव्या हाताची तीन बोटं वर व्हायची. “थ्री पॉइंट!” मग आचाऱ्याकडे बघून, “फर्स्ट पॉइंट, दाल. सेकंड पॉइंट, पानी ज्यादा.” इथपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. तिसरा मुद्दा मात्र त्यांच्याकडे कधीच नसायचा. तिसरं बोट हवेत, समोर आचारी ताटकळलेला, साहेब क्षणभर छताकडे बघायचे आणि म्हणायचे, “थर्ड पॉइंट, यल्ला!” की आचारी डाळीकडे पळायचा. लिन म्हणायची की यांनी आयुष्यभर तीन मुद्द्यांची भाषणं केली, त्यातला तिसरा मुद्दा नेहमी ‘चला, सगळे मिळून कामाला लागू या’ हाच असायचा. म्हणजे यल्लाच की.

हिंदी त्यांना शिकवलं मारुतीनं. मारुती आमचा प्लंबर, बीड जिल्ह्यातला, कतारमध्ये मुरलेला. बायकामुलं गावाकडे, आणि हा इथे मागच्या ब्लॉकमध्ये सगळ्या जगाची थट्टा करत राहतो. त्याच्यामुळे साहेबांच्या तोंडात ‘लई’ आणि ‘बास’ असले शब्दही बसले होते. शुक्रवारी मेसमध्ये शिरा झाला की मारुती मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन बसायचा. साहेब रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहून जेवण घ्यायचे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला खरवड यायची. तीच ते मन लावून खायचे.

“साब, गोड है ना?” मारुती विचारायचा. गोड म्हणजे काय, हे त्यानं साखर खाऊ घालून शिकवलं होतं.

“गरम,” साहेब म्हणायचे.

“अरे साब, गरम तो इस्त्री भी होती! गोड है के नहीं बोलो ना.”

“गरम.” आणि चमचा चाटूनपुसून ठेवायचे.

तर हे असं सगळ्यांनाच होतं. जेवण असो, रंगवलेली भिंत असो, फुटबॉलचा सामना जिंकून आलेली आमच्या कामगारांची टीम असो, साहेब कशालाही चांगलं म्हणत नसत. फार तर “आहे” म्हणायचे. मला वाटायचं, मोठेपणाचा ताठा जात नाही, दुसरं काय!

त्यांची दुसरी खोड याहून विचित्र होती. आमच्या कॅम्पला पुढे मोठं गेट आहे. तिथे वॉचमनची केबिन, झेंड्याचे खांब, दोन बाजूंना बोगनवेली. मागचं गेट म्हणजे सांडपाण्याचे टँकर आणि कचऱ्याचे डबे ये-जा करतात ते. साहेब पुढच्या गेटनं कधीही आत आले नाहीत. नव्या ड्रायव्हरनं सवयीनं गाडी पुढे नेली की ते तिथेच उतरायचे आणि उन्हातून सगळ्या कुंपणाला वळसा घालून मागून यायचे. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे मागच्या ब्लॉकमधल्या पिण्याच्या पाण्याच्या शेवटच्या कुलरमधून एक ग्लास भरून पिणं. मग सगळीकडे फेरी. पुढच्या ब्लॉकपर्यंत पोचेस्तोवर त्यांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झालेला असायचा.

आमच्या घरी होळीला जेवायला बोलावलं तेव्हा त्यांनी हाच प्रकार केला. आमच्या बिल्डिंगला पुढे चकचकीत लॉबी आहे, तिच्यात कारंजं आहे, ते दाखवायची मला हौस होती. मी आणि लिन लॉबीत वाट बघत उभ्या, आणि वरून माझ्या मुलीचा फोन, “आई, देअर इज अ चायनीज ग्रँडपा इन अवर किचन.” साहेब मागच्या सामानाच्या लिफ्टनं वर आले होते, स्वयंपाकघराच्या दारातून. आत आल्याबरोबर मला तीन बोटं दाखवून म्हणाले, “फर्स्ट पॉइंट, गार्बेज रूम, डोअर नो लॉक. सेकंड पॉइंट, फायर होस, पानी नहीं.” तिसऱ्या मुद्द्याला त्यांनी वासावरून पुरणाकडे पाहिलं आणि यल्ला न म्हणता सरळ जाऊन बसले. फायर होसचं मात्र खरं निघालं. मी सेफ्टी इंजिनियर, आणि इतकी वर्षं त्या बिल्डिंगमध्ये राहत होते!

मग ते ‘हॉट’ प्रकरण झालं. माझा स्वभाव पोटात ठेवण्याचा नाही. मी लिनला म्हटलं, “विचार गं त्यांना, गरम सोडून दुसरं काही वाटलं का?”

लिननं हसत हसत विचारलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी ताटातला हात बाजूला घेतला आणि चिनीत सावकाश बोलायला लागले. लिन सुरुवातीला वाक्यागणिक सांगत होती, पुढे पुढे तिचा आवाज बारीक होत गेला.

साहेब डोंगरातल्या शेतकऱ्याचे. परीक्षा देत देत आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला अधिकारी झाले. त्या जिल्ह्यातली गावं कोरडी, बायका डोंगर ओलांडून पाणी आणायच्या. साहेबांच्या आईनंही जन्मभर तेच केलेलं. त्यांनी जिवाचं रान करून नळयोजना मंजूर करून आणली. पाईप टाकले, टाक्या बांधल्या. उद्घाटनाची तारीख वरून ठरून आली आणि पंप काही सुरू होईना. तेव्हा हाताखालच्या एका तरुण अधिकाऱ्यानं शहरातून टँकर मागवला, टाकीच्या मागे उभा केला आणि त्याचा पाईप गावातल्या पहिल्या नळाला जोडला. तो साहेबांना म्हणाला, “तुम्ही पुढे उभे राहा. बाकी मी बघतो.” साहेबांनी काय बघणार ते विचारलं नाही. पुढच्या रस्त्यानं, गाड्यांच्या ताफ्यातून ते गावात आले. रस्त्याकडेच्या भिंती रंगवलेल्या, झेंडे घेतलेली पोरं उन्हात उभी.

हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मंत्री येणार म्हणून आमच्या शाळेला फक्त रस्त्याच्या बाजूनं चुना लावला होता, आणि आम्ही पोरी हातात लेझीम घेऊन भोवळ येईपर्यंत उभ्या होतो.

नळ सोडला. ग्लास भरला. कॅमेऱ्यांसमोर साहेबांनी पहिला घोट घेतला, आणि त्यांना कळलं. डोंगरातल्या माणसाला तिथल्या पाण्याची चव सांगावी लागत नाही. हे औषधाच्या वासाचं शहरातलं पाणी होतं. ग्लास खाली ठेवता आला असता. साहेबांनी तो सगळा प्यायला, हसले, आणि माईकवर म्हणाले, “पाणी गोड आहे.”

ते वाक्य दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं. गावकऱ्यांनी नळाच्या वरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं. साहेबांना बढती मिळाली, ते प्रांताच्या ठिकाणी गेले, काळ्या केसांचे खातेप्रमुख झाले. पंपाचं तेवढं बघा असं त्यांनी अधूनमधून सांगितलं, वरून उत्तर आलं की बघतो. मग दुसरी कामं निघाली. त्या गावच्या बायका डोंगर ओलांडतच राहिल्या. पुढे एका मोठ्या दुष्काळात गावानं तळ्यातलं राहिलेलं पाणी प्यायलं. गाव आजारी पडलं. मुलं जास्त. सगळी वाचली नाहीत. टीव्हीवाले आले, त्यांनी कोरडा नळ दाखवला, आणि वरच्या भिंतीवर साहेबांचं वाक्य तसंच होतं.

“चौकशीत सगळ्यांना वाटलं, हे म्हणणार की मला फसवलं,” लिन म्हणाली. “ते म्हणाले, मला पहिल्या घोटाला कळलं होतं. टँकरही मीच मागवला.”

“पण टँकर तर त्या तरुण अधिकाऱ्यानं...”

“हो.”

पद गेलं, पक्षातून काढलं, पेन्शन गेली. तो तरुण अधिकारी सुटला, त्यानं नोकरी सोडली आणि बांधकामाच्या धंद्यात शिरला. लिन माझ्याकडे जरा वाकली. मग तिनं मला आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरचं नाव सांगितलं.

मी थक्क झाले. आमचा पीएम! पन्नाशीचा, नीटनेटका, सगळ्यांशी तोलून बोलणारा माणूस. साहेबांना गावात कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा यानं त्यांना शोधून काढलं, इथे आणलं, कॅम्प बॉस केलं. त्या एका माणसाशिवाय साहेबांना जगात काम देणारं कोणी उरलं नव्हतं.

तर साहेबांनी तेव्हापासून कशालाही चांगलं म्हणायचं सोडलं होतं. खात्री नसताना आपल्या तोंडून तो शब्द पुन्हा जायला नको, एवढंच. माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी जाताना मी विचारलंच, “आणि पोळी?”

साहेब विचार करून म्हणाले, “हॉट.” आणि उरलेल्या दोन फॉईलमध्ये बांधून घेतल्या.

त्याच उन्हाळ्यात मागच्या ब्लॉकची टाकी बिघडली. गच्चीवरची टाकी, तिचा आतला लेप सुटला होता. पाणी तांबूस यायचं, वास मारायचं, कुलरचे फिल्टर लगेच तुंबायचे. मारुतीनं दोनदा टाकी धुतली, उपयोग झाला नाही. लोकांची पोटं बिघडली, अंगावर पुरळ उठलं. टाकी बदलायला हवी होती, आणि त्यासाठी आख्खा ब्लॉक रिकामा करून माणसं दुसरीकडे ठेवायला हवी होती. मी पीएमच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. एकदा नाही, चांगली भांडभांड भांडले. त्याचं उत्तर एकच, “ऑडिटनंतर.”

क्लायंटची माणसं कॅम्प बघायला येणार होती. त्यावर प्रोजेक्टचा पुढचा टप्पा आमच्याकडे राहणार की नाही, हे ठरायचं होतं. पीएमनं मीटिंगमध्ये बेत सांगितला. पुढचं गेट नव्यानं रंगवायचं. फुलांच्या कुंड्या आणायच्या. पुढच्या ब्लॉकच्या कुलरना बाटलीचं पाणी जोडायचं. मागच्या ब्लॉकला कुलूप घालून ‘दुरुस्ती चालू’ असा बोर्ड लावायचा, आणि तिथल्या सगळ्या माणसांना त्या दिवशी बसनं समुद्रावर सहलीला पाठवायचं. मग तो साहेबांकडे वळला आणि चिनीत हळूच काहीतरी म्हणाला. लिनचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर तिनं मला सांगितलं, “ते म्हणाले, तुम्ही पुढे उभे राहा. बाकी मी बघतो.”

साहेब मीटिंगभर बाटलीचं झाकण उघडत होते आणि लावत होते.

कॅम्पमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. मारुती माझ्याकडे आला. “मॅडम, तुमी बी आता गप ऱ्हावा. पिकनिक तर पिकनिक. पोट बिघडलं तर गोळी खाऊ आमी. पर कंपनीचं काम गेलं तर गावाकडं कोन्त्या तोंडानं जावं? आन त्या म्हाताऱ्याला बी सांगा. उगं खाजवून खरूज काढायलाय त्यो.”

“त्यांनी काय केलं?”

“काय केलं न्हाई, म्हनूनच भ्या वाटायलंय.”

मग तो स्वतःच गेला सांगायला. मी दारातच होते. मारुतीनं साहेबांसमोर तीन बोटं धरली. “साब, थ्री पॉइंट. फर्स्ट पॉइंट, चुप. सेकंड पॉइंट, चुप. थर्ड पॉइंट, यल्ला पिकनिक.” साहेब मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसून झाल्यावर त्यांनी मारुतीच्या डोक्याकडे बोट दाखवलं आणि त्याच्याकडे केस काळे करायचा कलप मागितला.

ऑडिटच्या दिवशी सकाळी साहेब आले ते काळ्याभोर केसांनी. जाकिटाला इस्त्री, शर्टाची वरची गुंडी लावलेली. दहा वर्षांनी लहान दिसत होते. आमच्या ऑफिसातले चिनी नकळत उभे राहिले. पीएमच्या डोळ्यांत तर पाणी आलं. आपले जुने साहेब परत आले, आपलं ऐकून पुढे उभे राहायला तयार झाले, असं त्याला वाटलं असणार. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं आणि माझं मन उतरलं.

साहेब पुढच्या गेटबाहेर, रस्त्यावर जाऊन उभे राहिले. गेट आदल्या दिवशीच रंगवलं होतं, काळं आणि सोनेरी. कुंड्या मांडलेल्या, वर स्वागताचं कापड. मी आणि पीएम आतल्या बाजूला. क्लायंटची पांढरी गाडी वळणावर दिसली. साहेब हात मागे बांधून संथ चालत रस्त्याच्या मधोमध गेले, आणि ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा वर करून त्यांनी गाडी थांबवली.

“पेंट वेट,” त्यांनी ड्रायव्हरला मोठ्या आवाजात सांगितलं. “दिस गेट खलास. बॅक गेट. यल्ला!”

आणि स्वतः पुढचं दार उघडून गाडीत बसले. गाडी वळली आणि कुंपणाच्या कडेनं मागे निघाली.

पीएम आतून पळत सुटला, त्याच्यामागे मी, माझ्यामागे लिन. आम्ही मागच्या गेटला पोचेपर्यंत क्लायंटची माणसं उतरलेली होती. त्यांचा प्रमुख एक उंच, शांत जॉर्डनी इंजिनियर होता. सांडपाण्याच्या टँकरशेजारी आमची सहलीची बस उभी होती. ती केव्हाच निघायला हवी होती, पण ‘मी सांगेपर्यंत हलायचं नाही’ असं साहेबांनी ड्रायव्हरला बजावलं होतं. आत धुतलेले शर्ट घालून, भांग पाडून बसलेली मागच्या ब्लॉकची सगळी माणसं. जॉर्डनीनं पुढच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं, कुठे निघालात? तो माणूस नेमका मारुती. त्याची बोबडी वळली.

“पिकनिक, सर.”

“आज? कामाच्या दिवशी? सगळे?”

मारुतीनं हताश होऊन साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी मागच्या ब्लॉकचं कुलूप काढलं. किल्ली त्यांच्याकडेच असायची. शेवटच्या कुलरपाशी जाऊन त्यांनी रोजच्यासारखा ग्लास भरला आणि उजेडात धरला. पाणी चहासारखं दिसत होतं. पीएम धापा टाकत समोर उभा होता. साहेबांनी तो ग्लास दोन्ही हातांनी, पाहुण्याला देतात तसा, त्याच्यापुढे धरला आणि चिनीत एकच वाक्य बोलले. लिननं ते मला नंतर सांगितलं. “त्या वेळी मी प्यायलो. या वेळी तू पी.”

पीएमनं ग्लास घेतला. त्याला तो पिताही येईना आणि खालीही ठेवता येईना. आम्ही सगळे बघत होतो, बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. शेवटी जॉर्डनी इंजिनियरनं हळूच त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला, हुंगला आणि मोरीत ओतून दिला. मग त्यानं साहेबांकडे वळून आभार मानले, “शुक्रन.” उरलेली सकाळ त्यानं मागच्या ब्लॉकमध्येच काढली. आमच्या कुंड्या कोणीही बघितल्या नाहीत.

अर्थातच आम्ही नापास झालो. ब्लॉक त्याच आठवड्यात रिकामा झाला, माणसं दुसऱ्या कॅम्पमध्ये गेली, गच्चीवर क्रेन आली. पुन्हा पाहणी होईपर्यंत पुढचा टप्पा अधांतरी लटकला. ते दिवस वाईट होते. काम राहणार की जाणार, कोणालाच माहीत नव्हतं, आणि सगळा राग साहेबांवर. मेसमध्ये त्यांच्या टेबलावर एकही कामगार बसत नसे. मारुतीनं तर बोलणंच टाकलं. साहेब पूर्वीसारखेच शेवटी उभे राहायचे, खरवड खायचे आणि ताट स्वतः धुऊन ठेवायचे. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटे आणि मी बसेही.

दुसऱ्या पाहणीत आम्ही पास झालो. काम राहिलं. पण चीनमधल्या हेड ऑफिसला कोणाचं तरी नाव हवं होतं. टाकी वेळेवर का बदलली नाही, हे कोणी लांबवलं? चौकशीसाठी माणूस आला, मलाही बोलावलं. मी पीएमचं नाव सांगणार होते, अगदी तयारीत गेले होते. तो माणूस म्हणाला, “गरज नाही. कॅम्प बॉसनं मान्य केलंय. कॅम्प त्याचा होता.”

मी तरातरा साहेबांकडे गेले. माझा आवाज चढला होता. “पुन्हा तेच? पुन्हा त्याच माणसासाठी?”

तीन बोटं वर झाली. “फर्स्ट पॉइंट, माय कॅम्प. सेकंड पॉइंट, ही इज यंग.” मग छताकडे बघून, “थर्ड पॉइंट, यल्ला.”

यंग! पीएमचं टक्कल पडायला आलं होतं. मला हसूही आलं आणि रडूही. इतका मूर्ख आणि इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मला हे त्यांना सांगायचं होतं, पण लिन तिथे नव्हती आणि माझ्या इंग्रजीतून ते त्यांना कळलं नसतं. मी नुसता नमस्कार केला. त्यांनी मान डोलावली.

हेड ऑफिसनं साहेबांना कामावरून काढलं. त्यांच्या जाण्याच्या दिवशी मी डिंकाचे लाडू करून नेले होते. माणसं मागच्या ब्लॉकमध्ये परत राहायला आली होती. साहेबांचा कलप उतरत होता, भांगातून पांढरे केस वर आलेले. त्यांनी लाडू चावला, बराच वेळ चावला. “हार्ड,” ते म्हणाले. डबा मात्र पिशवीत ठेवला.

पीएमनं स्वतःची गाडी आणली होती, पुढच्या गेटला. साहेबांनी बॅग उचलली आणि दोन्ही हात मोकळे नाहीत म्हणून एकच हात पाठीमागे घेऊन, सवयीनं मागच्या गेटकडे चालू लागले. पीएम गाडीतून उतरून मुकाट्यानं त्यांच्यामागे आला. मागच्या ब्लॉकची माणसं दारादारांत उभी होती. शेवटच्या कुलरपाशी मारुती होता, हातात भरलेला ग्लास. इतक्या दिवसांनी तो पहिल्यांदा बोलला.

“साब, नई टाकी का है. बिना पिये कैसा जाते?”

साहेबांनी बॅग खाली ठेवली. ग्लास उजेडात धरून बघितला. एक घोट घेतला, तोंडात ठेवला, गिळला. आणखी एक घेतला. मग तीन बोटं वर केली.

“फर्स्ट पॉइंट, ठंडा.”

कोणीतरी हसलं.

“सेकंड पॉइंट, साफ.”

तिसरं बोट वर राहिलं. आम्ही सगळे यल्लाची वाट बघत होतो. मारुतीनं तर ओठांनी ‘य’ करून ठेवला होता. साहेबांनी छताकडे पाहिलं नाही. ते ग्लासकडे बघत होते.

“थर्ड पॉइंट,” ते म्हणाले, “गोड.”

मग त्यांनी उरलेलं पाणी दोन्ही हातांनी पीएमसमोर धरलं. पीएमनं ग्लास घेतला आणि तिथेच, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभा राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.